आजोबांचा गंजलेला वस्तरा: घरी घासायचा, धार लावायला द्यायचा की कपाटात ठेवायचा?

ठाण्यात खाडीच्या अंगाला राहणाऱ्याला गंजाचं कौतुक सांगायला नको. पावसाळ्यात विळीसुद्धा पुसून ठेवली नाही तर दुसऱ्या दिवशी तांबूस होते. त्यामुळे चेंदणीच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी आजोबांचा वस्तरा सापडला तेव्हा तो कसा दिसत असेल याची कल्पना करा. मुठीतून पातं उघडेना. शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर ठेवला, सकाळी कुरकुरत उघडला आणि पात्याच्या बुडख्यावर पुसट अक्षरं दिसली: सोलिंगेन. जर्मनीतलं पात्यांसाठी नावाजलेलं शहर.

तेव्हापासून असा वस्तरा हाती लागलेले दोन-तीन जण मला विचारून गेले, ‘याचं काय करू?’ बहुतेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. गंज काढणं आणि धार लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कोणीही घरी करू शकतो, दुसऱ्याला बसलेला हात लागतो. निर्णयही वेगवेगळे घ्यावेत.

त्याआधी पातं उजेडात धरा आणि भिंगातून फक्त धारेलगतची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी बघा. पाठीवर, मधल्या भागात काळे डाग, खड्डे असले तरी हरकत नाही, दाढी काही पाठीने करत नाहीत. पण धारेपाशी खड्डा असेल तर दगडावर घासता घासता धार त्या खड्ड्यात उतरते आणि तिथे दाता पडतो. बारीकसा तडा दिसला तर विषयच संपला, तो वस्तरा गालाला लावायचा नाही. मूठही तपासा. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची. ही मूठ जुनी होऊन कुजायला लागली की आम्लाची वाफ सोडते आणि आतल्या आत पातं खाते. अशी मूठ बदलल्याशिवाय घासण्यात अर्थ नाही. आणि ती विस्तवापासून लांब ठेवा, भसकन पेटते.

गंज काढायचा खर्च म्हणजे थोडं तेल, सहाशेपासून दोन हजार नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, शेवटी ब्रासो, आणि एक रविवार. पातं लाकडी फळीच्या कडेवर सपाट टेकवा, कागद बुचाला गुंडाळा आणि पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने घासा. उलट गेलात तर बोटाचा बळी. लिंबू, व्हिनेगर लावायचा सल्ला घरोघरी मिळतो. गंज जातो, पण पातं राखाडी पडतं आणि पात्यावरची कोरीव अक्षरं, सोनेरी वेलबुट्टी त्यात जाऊ शकते. ड्रिल मशीनला ब्रश लावून चकाकी आणायचा मोहही टाळा. पातं तापतं, आणि त्याने काय होतं ते पुढे.

आता धार. सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला. कोयता, विळी, कात्री त्याच्याकडे निर्धास्त द्या. वस्तरा देऊ नका. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी पोखरलेलं असतं, धारेकडे ते इतकं पातळ की चाकाला टेकताच क्षणात तापतं. साधारण तीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मग धार लागते, पण टिकत नाही. मी हे शहाणपण चोर बाजारातून आणलेला एक धड वस्तरा घालवून कमावलं. आमच्या नेहमीच्या म्हाताऱ्या नाभिकाने ती निळी झाक बघितली आणि म्हणाला, “दादा, ह्याला चाकावर कुणी घातला? आता ह्यानं पेन्सिली तासा.” चूक माझीच होती, धारवाल्याला मीच दिला होता.

दुसरा पर्याय, स्वतः दगड घेऊन बसणं. हे वाटतं तितकं अवघड नाही आणि वाटतं तितकं सोपंही नाही. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, म्हणजे कोन पाठच ठरवते. सुरीपेक्षा ही मोठी सोय. एक हजार नंबरच्या दगडावर धार बांधायची, मग चार हजार, आठ हजार, जमलं तर बारा हजार (नंबर वाढेल तसा दगड बारीक). दगडावर धार पुढे ठेवून ओढायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. भार वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. धार डोळ्यांसमोर दिव्याखाली धरली आणि कुठे पांढरी रेघ चमकली तर तिथे ती अजून बोथट आहे. पण दगडांनाच काही हजार जातात आणि हात बसायला महिने लागतात. मला तीन लागले. आजोबांच्या वस्तऱ्यावर हात बसवू नका, त्यासाठी बाजारातला पडीक घ्या.

तिसरा, जाणकाराला देणं. एकाच वस्तऱ्याचा प्रश्न असेल तर मी हेच सुचवेन. अडचण शोधण्याची आहे. सलूनमधल्या तरुण पोरांनी पथरीला, म्हणजे धारेच्या दगडाला, हातच लावलेला नाही, कारण रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या भीतीने सगळीकडे ब्लेड बदलायचे वस्तरे आले. जुना माणूस गाठावा लागतो, नाहीतर हौसेने हे करणाऱ्याला कुरिअरने पाठवावा लागतो. एकच प्रश्न विचारा: चाकावर लावता की दगडावर? ‘चाकावर’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

आणि तुम्हाला नुसती वस्तऱ्याने दाढी करायची हौस असेल, आजोबांचाच वस्तरा हवा असं नसेल, तर अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा शंभर-दोनशेत मिळतो. धारेची कटकट नाही. फक्त तो हलका असतो, हात जरा चुकला की चावतो. सकाळची लोकल गाठणाऱ्याने निदान सुरुवातीला सुट्टीच्या दिवशीच काढावा.

आमच्या वस्तऱ्याचं म्हणाल तर टोकाजवळ, धारेपासून तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या अंतरावर एक खड्डा निघाला. दगडावर नेला नाही. गंज काढला, तेलाचा हात फिरवला, सुती कापडात गुंडाळला. चामड्याचं मूळ पाकीट वेगळं ठेवलंय, ते ओल धरतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुसतो. बुडख्यावरची अक्षरं आता चष्म्याशिवाय वाचता येतात.