ब्लेंडरमध्ये लालपरी रंगवताना: आठ महिन्यांनंतर

ब्लेंडर म्हणजे संगणकावर 3D मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर; त्यात मी आठ महिने एक एसटी बनवून रंगवतोय. गेल्या मंगळवारी रात्री वीज गेली आणि माझी अख्खी एसटी काळीठिक्कर पडली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, तो प्लगवरच चालतो. पण दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबत होतो, म्हणून निर्धास्त. वीज आल्यावर फाइल उघडली तर मॉडेल जागच्या जागी, यूव्ही (रंगवण्यासाठी मॉडेलचा पत्रा उलगडून केलेला सपाट नकाशा) जशाच्या तशा, फक्त साडेतीन तासांचा रंग गायब. लाल पत्रा, पिवळा पट्टा, चाकावरचा चिखल, सगळं.

जुने लोक हसतील. फाइल सेव्ह केली म्हणजे रंगवलेलं चित्र सेव्ह होत नाही. त्यासाठी इमेज एडिटरमध्ये जाऊन वेगळं ऑल्ट-एस. चित्र सेव्ह व्हायचं राहिलं असेल तर ‘इमेज’ या मेनूपुढे एक चांदणी (*) उगवते. तीळभर चांदणी! बंद करताना ब्लेंडर विचारतं तरी. वीज जाताना कोण विचारणार? चूक माझीच, मान्य. पण राग त्या चांदणीवरच आहे.

बाकी यूव्हीचं म्हणाल तर तिसऱ्या महिन्यात मी मित्राला ‘अनरॅप (मॉडेल उलगडून यूव्ही काढणारी आज्ञा) म्हणजे कचरा’ असं सांगून बसलो होतो. टपाचे गोल कोपरे उलगडले की चेकरच्या, म्हणजे ताण तपासायला लावलेल्या बुद्धिबळपटासारख्या नक्षीच्या, चौकटींची काजूकतली व्हायची. सीम, म्हणजे उलगडताना पत्रा कुठे कापायचा ती रेघ, बदलून बदलून हात दुखले. मग कळलं की ब्लेंडर 4.3 पासून अनरॅपमध्ये ‘मिनिमम स्ट्रेच’ आहे. तो निवडला आणि बऱ्याच चौकटी गुमान चौकोनी झाल्या. कचरा हा शब्द मागे घेतो. सीम कुठे द्यायची ते मात्र अजून आपणच ठरवायचं; मी ती टपाच्या कडेला, पन्हाळीखाली लपवतो.

दुसरी फजिती पाटीची. अर्धीच बस बनवून मिरर (दुसरी बाजू आरशासारखी आपोआप बनवणारी सोय) लावला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंची यूव्ही एकमेकींवर. एकीकडे रंगवा, दुसरीकडे आपोआप. निम्मं काम वाचलं म्हणून खूश होतो, तोवर डावीकडे ‘पुणे–सातारा’ लिहिलं आणि उजवीकडे तेच उलटं उमटलं. शेवटी मिरर अप्लाय केला, म्हणजे दुसरी बाजू खरीखुरी केली, आणि फक्त पाटीचा तुकडा नकाशात बाजूला काढला. बाकी पत्रा अजून एकावर एकच आहे. जागा कशाला वाया घालवायची?

रंगवायचं चित्र 2048 बाय 2048 पिक्सेलचंच ठेवा. 4096चं एक चित्र मेमरीत 64 एमबी खातं, 2048चं 16. माझ्या 8 जीबीच्या डब्यावर मोठ्या चित्रात ब्रश बैलगाडीसारखा चालतो.

ब्लेंडरच्या रंगकामात लेयर, म्हणजे रंगाचे वेगवेगळे थर, नाहीत, ही खरी उणीव. धुळीसाठी वेगळं चित्र करून नोड्समध्ये (चित्रं जोडायच्या चौकटींत) मिसळावं लागतं. लेयरवाली विकतची सॉफ्टवेअर आहेत, पण काहींना दरमहा भाडं. महिन्याला एखादं मॉडेल रंगवणाऱ्याने ते कशाला भरायचं?

सध्या स्क्रीनच्या कडेला ‘ऑल्ट-एस’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय. काल पुन्हा वीज गेली. पट्टा वाचला. ‘सातारा’ तेवढं परत लिहायचंय.