मिश्रवंशीय मुलांच्या कुरळ्या केसांसाठी डेनमन डी-३ ब्रश

आईबाबांपैकी एकजण आफ्रिकी वंशाचा असला की मुलाच्या डोक्यावर बऱ्याचदा दोन-तीन तऱ्हेचे कुरळे केस एकत्र नांदतात. मानेपाशी बारीक घट्ट वेटोळी, कपाळाजवळ सैल बटा. डेनमन कंपनीचा, दातांच्या सात ओळींचा डी-३ ब्रश अशा केसांची वळणं सुरेख उठवतो, पण गुंता सोडवायला तो हातात घेऊच नका. नायलॉनचे दात जवळजवळ आहेत; गाठीत अडकले की मूल कळवळतं आणि केस मधेच तुटतात.

आधी केस ओलेचिंब करून सढळ हाताने कंडिशनर लावा, चार भाग करून चिमटे लावा. गुंता आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीने, टोकापासून वर वर जात सोडवा. बट गाठीच्या वर मुठीत घट्ट धरली की ओढ डोक्याला बसत नाही. केस धुऊन, ओले असतानाच लीव्ह-इन क्रीम (न धुता केसांत तसंच ठेवायचं क्रीम) लावा आणि दोन बोटं रुंद बटेवरून ब्रश फिरवा.

या ब्रशची खरी खुबी म्हणजे रबरी गादी सरकवून बाहेर निघते. दातांच्या एकाआड एक तीन ओळी काढून टाका. उरलेल्या चार ओळी दाट केसांतूनही अलगद जातात. धुतानाही गादी काढाच, खाली क्रीमचा चिकट थर बसतो.

कोरड्या केसांवर मात्र अजिबात नको, वेटोळी फुटून पिंजलेला कापूस होतो. रोज सकाळी पाण्याचा फवारा आणि बोटं पुरेत.