रेमंड विल्यम्सचं 'कीवर्ड्स': सहा-सात पानांसाठी घेतलं, पैसे वसूल (४/५)

इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे बदलत गेले ते सांगणारं हे पुस्तक घेतलं खरं तर एकाच शब्दासाठी, कल्चर. एमएच्या सेमिनारला जो तो संस्कृती संस्कृती करत होता आणि प्रत्येकाच्या डोक्यात भलतंच काहीतरी, म्हटलं एकदा मुळातूनच बघू. ऑनलाइन मागवलं तर छपाई फिकट, तिसऱ्या दिवशी पानं सुटली आणि विक्रेता रिटर्न घेईना, एक स्टार तिथेच कापला.

आतला माल मात्र अस्सल. विल्यम्स हा ब्रिटिश समीक्षक म्हणजे वेल्समधल्या रेल्वे सिग्नलमनचा पोरगा, १९४५ ला सैन्यातून केंब्रिजला परतला तर लोक कल्चर हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरायला लागलेले, ते जे खटकलं त्यातून हे पुस्तक, छापलं मात्र १९७६ ला. परीक्षेत लिहायला एका ओळीची व्याख्या हवी असेल तर घेऊ नका, तो देतच नाही. इंग्रजीतल्या सगळ्यात किचकट दोन-तीन शब्दांपैकी हा एक, असं आधीच सांगून मोकळा होतो आणि मग शब्द कसकसा सरकला ते दाखवतो. आधी पिकाची निगा, मग मनाची मशागत, मग अख्ख्या समाजाची जगण्याची रीत आणि शिवाय कला-साहित्य, हे सगळे अर्थ अजून एकाच शब्दात कोंबून बसलेत. आमच्या सेमिनारचं भांडण तेच होतं की!

इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नल्डचं 'कल्चर अँड अनार्की' (१८६९) सोबत वाचा, त्याच्या लेखी कल्चर म्हणजे जगात जे उत्तमोत्तम विचार मांडले-बोलले गेले ते. पेशाने शाळा तपासनीस, जाणवतं ते. कल्चरवरच पुस्तक लिहिणारा कवी टी. एस. एलियट (१९४८) तसा खडूस, उच्चभ्रू वर्ग टिकलाच पाहिजे म्हणणारा, पण कल्चरमध्ये काय काय येतं या त्याच्या यादीत डर्बीची घोड्यांची शर्यत, उकडलेला कोबी, व्हिनेगरमधलं बीट, जाम हसले मी. विल्यम्सने 'कल्चर अँड सोसायटी' या १९५८ च्या पुस्तकात त्याला बरोबर पकडलंय, की हे सगळं खेळ, खाणं आणि थोडी कला, मग कोळशाच्या खाणी, पोलाद, लंडनची वाहतूक हे कुठे गेलं?

कल्चरचा मूळ अर्थ पिकाची निगा, त्यावरून आठवलं, बंगालीत कल्चरला 'कृष्टी' म्हणायचे, म्हणजे मुळात नांगरणी-शेतीचाच शब्द, टागोरांना तो शब्द अजिबात आवडायचा नाही. 'संस्कृती' हा शब्द स्वतःला पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून मिळाला असं बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींनी सांगितलंय, टागोरांना तो पसंत पडला. आता नांगर विसरून आपण नुसता संस्कार घेऊन बसलोय का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घेणार असाल तर १९८३ ची आवृत्ती बघा, २१ शब्द जास्त आहेत, आणि जमलं तर दुकानात जाऊन बाइंडिंग ओढून बघूनच घ्या.