एस-०४ घ्यायचं की यूएस-०५? आधी फ्रिजमध्ये जागा बघा

घरी पेल एल (एल हा बीअरचा एक प्रकार) करायची ठरली की साखरेची दारू करणाऱ्या यीस्टवर गाडी अडतेच. एस-०४ आणि यूएस-०५ दोन्ही फर्मेंटिस कंपनीची, दोन्ही कोरडी, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट २० लिटरच्या बॅचला पुरतं, मग फरक काय? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक बीअर निवळण्यात आहे.

एस-०४ हे इंग्लिश एलचं यीस्ट. साखर संपत आली की पेशी एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात आणि तळाचा साका असा घट्ट बसतो की बीअर काढायला सायफन (नळी) लावताना हलत पण नाही. यूएस-०५ अमेरिकन, ते बरेच दिवस तरंगत राहतं आणि बसलं तरी साका भुसभुशीत, फर्मेंटर (बीअर आंबवायचं भांडं) उचलताना जरा धक्का लागला की परत वर.

हे चिकटणं होतं कसं, तर पेशीवरची प्रोटीन्स शेजारच्या पेशीवरचं मॅनोज (एक साखर) पकडतात. वर्टमध्ये (बीअर व्हायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) माल्टोज-ग्लुकोज या साखरा आहेत तोवर ती त्यातच गुंतलेली असतात म्हणून पेशी सुट्या राहतात. या पकडीला कॅल्शियम लागतं, त्यामुळे आरओचं पाणी वापरत असाल तर थोडं जिप्सम (कॅल्शियमचं मीठ) घालाच, लिटरला निदान ५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, नाहीतर एस-०४ घेऊनही बीअर गढूळ राहू शकते.

आता एस-०४ ची दुसरी बाजू. पटकन खाली बसलेलं यीस्ट काम अर्धवट टाकू शकतं, आणि डायअ‍ॅसिटिल, म्हणजे तो बटरसारखा वास, परत शोषून घ्यायला यीस्ट बीअरमध्ये तरंगत असावं लागतं. माझी एक बॅच १.०२० वर (बीअरची घनता, साखर संपते तशी ही उतरते) अडकली होती. फर्मेंटर हलकेच गोल फिरवला, तापमान १८ वरून २१ केलं, तेव्हा कुठे चार दिवसांनी १.०१३ ला आली. बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरू नका प्लीज, हायड्रोमीटरचं (घनता मोजायचं साधन) रीडिंग दोन-तीन दिवस तेच येऊ दे, आत साखर राहिली तर बाटली फुटते आणि काच लागते.

यूएस-०५ मध्ये ही धाकधूक कमी, साखर नीट संपवतं, चव स्वच्छ, हॉप्स (बीअरला कडवटपणा-वास देणारी फुलं) पुढे येतात. पण बीअर निवळायला अख्खा फर्मेंटर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस २-४ डिग्रीला ठेवायची सोय हवी, किंवा जिलेटिन घालायचं (शाकाहारी मित्रांना सांगा मात्र).

तर फ्रिज नाही, बिटर किंवा पोर्टर (इंग्लिश एलचे प्रकार) करायचीय, हलकी फळांसारखी चव आवडते, तर एस-०४. फ्रिज आहे आणि आयपीए (भरपूर हॉप्सची एल) करायचीय तर डोळे झाकून यूएस-०५. हेफेवाइझनला (जर्मन गव्हाची बीअर) यातलं कुठलंच नको, ती गढूळच प्यायची असते आणि तो केळ्या-लवंगेचा वास गव्हाच्या बीअरच्या यीस्टमधूनच येतो.