‘रुचिरा’ की यूट्यूब?

नव्याने स्वयंपाकाला लागलेल्याला पुस्तक द्यावं, की ‘यूट्यूबवर बघ’ म्हणून मोकळं व्हावं? सोलापुरात राहून माझं उत्तर पदार्थागणिक बदलतं.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. मापं वाटी-चमच्याची, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. आमट्या, कोशिंबिरी, दिवाळीचा फराळ यांसाठी मी डोळे मिटून पुस्तकच सुचवेन. हात पिठात असताना पान उघडं राहतं, मध्येच जाहिरात येत नाही. तेलाचे डाग पडतात, तेवढे पडू द्यावेत.

पण आपली कडक भाकरी घ्या. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून भाकरी पातळ थापायची, भाजून झाल्यावर मंद आचेवर पार कोरडी होऊ द्यायची. हे वाचून कितीसं कळणार? तळहाताचा दाब, पिठावर फिरणारी भाकरी, न चिरणारी कड बघावीच लागते. व्हिडिओ मागे नेऊन हवा तितक्यांदा बघता येतो. शेंगा चटणीचंही तेच. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ हे साहित्य कुणीही सांगेल. पण खलबत्त्यात कुटताना दाण्यांना तेल सुटतं आणि चटणी बत्त्याला चिकटू लागते, ते डोळ्यांनीच ओळखायचं. निम्मा वेळ गप्पा मारणारा व्हिडिओ मात्र सरळ बंद करा.

आहेरात द्यायचं तर पुस्तकच. भाकरीसाठी व्हिडिओ, आणि शेजारच्या काकू थापत असतील तर तोही नको, पाट घेऊन त्यांच्याकडेच जाऊन बसा.