चार फुटी टाकीतले मलावी सिक्लिड: हिवाळा ते नवतपा, वापरानंतरचा अनुभव

हे लिहायला निमित्त केनीचं, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या एका सिक्लिड माशाचं. नागपुरात 'असॉर्टेड आफ्रिकन' म्हणून निळे-पिवळे सिक्लिड एकाच हौदातून, एकाच भावाने विकले जातात. त्यातलं निळ्या अंगावर उभे गडद पट्टे असलेलं गोंडस पिल्लू बहुतेक वेळा केनी असतं. केनीची मादी जन्मभर निळी राहते. नर मोठा होताना पिवळा पडतो, आणि पिवळा पडला की अर्धी टाकी आपली समजतो. सगळ्यात आधी तो मारतो इलेक्ट्रिक यलो या पिवळ्या जातीला, कारण रंग सारखा. म्हणजे दुकानदाराने 'हे दोघं सोबत छान दिसतात' म्हणून दिलेली जोडीच टाकीतली सगळ्यात वाईट जोडी ठरते. दिवाळीत घेतलेलं पिल्लू उन्हाळ्याच्या तोंडावर रंग बदलतं, तोपर्यंत काही कळत नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही, याची चीड येते.

ऑरेटस आणि जोहानी या मलावीच्याच दोन जातींचंही तसंच. दोघांची पिल्लं आणि माद्या पिवळ्या, नर मात्र मोठेपणी काळे-निळे होतात. तिन्ही जाती भराभर पिल्लं देतात म्हणून स्वस्त, आणि पिल्लं लहानपणीच रंगीत म्हणून पटकन खपतात. चार फुटी घरगुती टाकीत तिन्हींपैकी एकही नको. पैसे वाचवायचे असतील तर मासे कमी घ्या, पण नावानिशी घ्या. जातीचं नाव न सांगता विकलेला मलावी मासा फुकट मिळाला तरी महागच पडतो.

आता टाकी. ४८ × १८ × १८ इंच म्हणजे कागदावर सुमारे २५५ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता खरं पाणी २०० च्या आसपास. त्यात तीन जाती चांगल्या नांदल्या: इलेक्ट्रिक यलो (लॅबिडोक्रोमिस सेरुलियस), रस्टी (आयोडोट्रोफियस स्प्रेंगेरी) आणि एसी नावाचा मासा. पिवळा, तांबूस-जांभळा आणि पिवळ्या शेपटीचा निळा असे रंग वेगळे असल्याने एकमेकांना प्रतिस्पर्धी समजत नाहीत. रस्टी दगडांच्या फटींत, यलो मध्ये, एसी वरच्या थरात, अशी जागाही आपोआप वाटली जाते. तिघंही एम्बुनांमधले, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांमधले, सौम्य आहेत. यलोसोबत रेड झेब्रा मात्र टाळा. भांडणापेक्षाही संकराचा त्रास मोठा, कारण या दोघांची पिल्लं पुढे 'यलो' म्हणूनच विकली जातात आणि अस्सल जात बिघडते.

नर-मादीचं प्रमाण एका नराला तीन माद्या. अडचण अशी की यलो आणि रस्टीत लहानपणी नर-मादी ओळखूच येत नाहीत. त्यामुळे दीड-दोन इंचाची सहा-सात पिल्लं एकदम घ्यायची, एकाच दिवशी सोडायची, आणि मोठी झाल्यावर जादा नर परत द्यायचे. परत घेणार का, हे खरेदीआधीच विचारून ठेवा.

गर्दीबद्दलचं मत मात्र या काळात बदललं. जगभर सांगितलं जाणारं सूत्र असं की एम्बुना दाटीने ठेवा, चार फुटीत वीस-पंचवीस. एकाच माशाच्या मागे लागणं दबंग नराला जमत नाही, मार विखुरतो. हिवाळ्यात हे शंभर टक्के खरं ठरलं. २४ माशांवर टाकी शांत होती आणि शेपट्या अखंड होत्या. मार्चअखेरीपर्यंत मी हाच सल्ला दिला असता.

मे महिन्यात गणित उलटलं. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. तेवढं नसलं तरी बंद खोलीतली टाकी दुपारी ३३ अंशांवर सहज जाते. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३३ ला ७ च्या आसपास. आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. त्यावर अमोनिया. मलावीसाठी पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कधर्मीपणा) ८.२ ठेवला की एकूण अमोनियापैकी विषारी भाग २५ अंशांना सुमारे ८ टक्के असतो, ३३ अंशांना १३ टक्क्यांच्या वर जातो. मासे तेवढेच, खाणं तेवढंच, तरी विष दीडपटीहून जास्त. भांडणं विखुरण्यासाठी केलेली गर्दीच मग जीव घेते. म्हणून आताचं मत: नागपुरात चार फुटीत १५-१६ मासे, त्याहून जास्त नकोत. आणि गर्दीची युक्तीच हातातून गेल्यामुळे मासे मुळातच सौम्य निवडावे लागतात. इतर ठिकाणच्या 'चालेल' यादीत बसणारे सोकोलोफी, डेमासोनी हे एम्बुना इथे म्हणूनच नको म्हणतो. डेमासोनी तर डझनभराहून कमी ठेवले की आपसातच संपवतात.

चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेऊ नका. दोन १२० मिलिमीटरचे १२ व्होल्ट पंखे काचेचं झाकण काढून पाण्यावर तिरके लावा आणि वर जाळी ठेवा, नाहीतर एसी मासा उडी मारतो. आपला उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी तीन-चार अंश खाली राहतं. त्याची किंमत म्हणजे पाणी उतरतं: या मापाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपाच लिटर. ही तूट आरओच्या शुद्ध पाण्याने भरायची. वाफ होऊन पाणीच जातं, क्षार मागे राहतात, त्यात रोज बोअरचं किंवा आरओचं टाकाऊ पाणी ओतलं तर क्षार साचत जातात. आठवड्याचं पंचवीस टक्के पाणी बदलताना मात्र बोअरचं जड पाणी उत्तम. नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन टाकूनच.

खोलीत कूलर चालू असेल तर खिडकी उघडी हवी, नाहीतर हवा दमट होऊन टाकीवरच्या पंख्यांचा जोर संपतो. जूनच्या मध्यात, पाऊस टेकलेला पण पडत नाही तेव्हा, पंखे जवळजवळ निकामी होतात. तेव्हा खाणं अर्धं करायचं आणि एअर पंप दुप्पट. एअर पंप व पंखे इन्व्हर्टरवर घ्या, फिल्टर एकवेळ बंद पडला तरी चालेल. आणि ज्या खोलीत एअर पंप हवा ओढतो तिथे डास मारायचं लिक्विड मशीन लावू नका. त्यातली औषधं माशांना फार विषारी असतात.

दगडांसाठी शहाबादी किंवा कोटा फरशीचे बिनपॉलिशचे तुकडे घ्या. चुनखडी असल्याने पीएच धरून ठेवतात. लिंबू पिळून फेस आला की समजायचं. आधी तळाच्या काचेवर पातळ फोम, त्यावर दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. वाळूवर दगड ठेवले तर मासे खालून उकरतात, ढीग कोसळतो आणि काच जाते. दगड पाठच्या काचेला दोन वेगळ्या ढिगांत रचा, मध्ये मोकळी जागा, म्हणजे एका नराला दोन्ही राखता येत नाहीत.

खाण्यात स्पिरुलिना गोळी, दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल इतकीच. ब्लडवर्म देऊ नका. एम्बुना शेवाळ खरवडून खाणारे. प्रथिनं जास्त झाली की पोट फुगतं आणि विष्ठेची पांढरी दोरी पडायला लागते. तिथून मासा क्वचितच वाचतो.

एखादा मासा सतत वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे टांगलेला दिसला की समजा मार खातोय. मार खाणाऱ्याला काढू नका, मारणाऱ्याला आठवडाभर वेगळा ठेवा. तेवढ्यात दगडांची मांडणी बदला आणि त्याला दिवे बंद करून परत सोडा. परत आल्यावर त्याची जुनी जागा उरलेली नसते. केनीवर हा उपाय चालला नाही, बाकी तिघांवर चालला.

ज्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे आणि मे महिन्यात पाणी ३० खाली आणणं शक्यच नाही, त्यांनी मलावीचा हट्ट सोडून रॅम हे छोटे सिक्लिड बघावेत. त्यांना २८-३० अंश मानवतात, पण पाणी मऊ हवं, म्हणजे आरओ मिसळणं आलं. दुसरे सिक्लिड बघायचे तर ऑस्कर बारा इंच होतो आणि चार फुटीत एकच मावतो. फ्लॉवरहॉर्न नेहमी एकटाच. या दोघांना एम्बुनांसोबत ठेवण्याचा प्रश्नच नाही.

नवे मासे एप्रिल ते जुलै आणू नका. पिशवीतलं पाणीच रस्त्यात तापतं. सप्टेंबरपासून घ्या, आणि थंडीआधी २०० वॅटचा हीटर २५ अंशांवर लावून तपासून ठेवा.