निकॉन झेड ५: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः दुसऱ्या कार्ड स्लॉटबद्दल

मागच्या महिन्यात एका घरगुती समारंभाची छायाचित्रे काढून झाल्यावर पहिल्या स्लॉटमधील कार्ड संगणकाला जोडले, तर ते ओळखलेच जाईना. रीडर बदलला, संगणक बदलला, शेवटी ते पुन्हा कॅमेऱ्यात घालून पाहिले, पण उपयोग झाला नाही. दुसऱ्या स्लॉटमधील कार्डावर मात्र सगळी छायाचित्रे जशीच्या तशी होती. सुरुवातीच्या किमतीचा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला) कॅमेरा निवडताना कशाला किती महत्त्व द्यावे, याविषयीचे माझे मत त्या संध्याकाळनंतर बरेच बदलले आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

खरेदीच्या वेळी कॅनन ईओएस आरपी, कॅनन आर८ आणि झेड ५ हे तीन कॅमेरे माझ्यासमोर होते. या वर्गातील प्रत्येक कॅमेऱ्यात किंमत खाली आणण्यासाठी काही ना काही काढून घेतलेले असते, त्यामुळे काय मिळते यापेक्षा काय काढले आहे हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. आरपी आणि आर८ या दोन्हींत बॉडीमधील स्थिरीकरण (हात हलला तरी छायाचित्र अस्पष्ट होऊ न देणारी यंत्रणा) नाही, कार्ड स्लॉट एकच आहे आणि बॅटरी लहान आहे. आर८ मध्ये पूर्ण यांत्रिक शटरही नाही; शटरचा पहिला पडदा नेहमी इलेक्ट्रॉनिकच असतो. झेड ५ मध्ये या उणिवा नाहीत, पण सलग छायाचित्रणाचा वेग सेकंदाला ४.५ फ्रेम इतकाच आहे आणि फोर-के व्हिडिओला १.७ पट क्रॉप लागतो, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाऊन दृश्य अरुंद होते. मी तो घेतला तो मुख्यतः स्थिरीकरणासाठी. दुसरा स्लॉट ही व्यावसायिक छायाचित्रकारांची गरज आहे, आपल्याला त्याचे काय, असे तेव्हा वाटत होते.

आता तोच स्लॉट मला या कॅमेऱ्याचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मूळ सेटिंगमध्ये दुसरे कार्ड केवळ पहिले भरल्यावर वापरले जाते, त्यामुळे दोन कार्डे घातली म्हणजे प्रती आपोआप निघतात, असे कोणी समजू नये. मेनूत जाऊन दुसऱ्या स्लॉटची भूमिका ‘बॅकअप’ अशी निवडावी लागते. रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) एका कार्डावर आणि जेपेग दुसऱ्यावर, असाही पर्याय आहे, परंतु त्यात पहिले कार्ड गेले तर रॉ फाइली जातात, म्हणून मी तो वापरत नाही. बॅकअप निवडल्यावर उरलेल्या छायाचित्रांचा आकडा कमी जागा असलेल्या कार्डाप्रमाणे दिसतो आणि दोहोंपैकी एक भरले तरी शटर थांबते. म्हणजे जुने लहान कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पैसे वाचवण्याचा मोह टाळलेलाच बरा. दोन्ही स्लॉट यूएचएस-२ या वेगवान कार्डांसाठीचे आहेत, पण एक कार्ड मंद असेल तर दुसऱ्यालाही त्याच्यासाठी थांबावे लागते. व्हिडिओची मात्र दुसरी प्रत निघत नाही, तो निवडलेल्या एकाच स्लॉटमध्ये जातो, आणि ही उणीव मला आजही खटकते.

वेगाबद्दलचे माझे मत वापरात सौम्य झाले. ४.५ हा आकडा कागदावर फार तोकडा दिसतो, आणि पक्षी किंवा मैदानी खेळ हाच ज्यांचा विषय आहे त्यांनी आर८ किंवा त्याहून वरचा कॅमेरा पाहावा, हे मी आजही म्हणेन. पण माणसे, वास्तू आणि निसर्ग टिपताना मला वेग कमी पडला असे क्वचितच झाले. उलट नंतर निवडायची छायाचित्रे कमी निघाली, आणि हाच मला लाभ वाटला. क्रॉपबद्दल तितके उदार होणे मला जमलेले नाही. २४ मिमीची लेन्स फोर-के व्हिडिओत सुमारे ४१ मिमीसारखी वागते, त्यामुळे लहान खोलीत सगळी माणसे चौकटीत घेणे अवघड होते.

काटकसरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा लेन्सचा आहे. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ निकॉनच्या एपीएस-सी या लहान सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक आहे, म्हणजे प्रकाशाचा फायदा एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) किंचित जास्त. झेड ५ सोबत मिळणारी २४-५० मिमीची किट लेन्स अवघ्या १९५ ग्रॅमची आणि प्रवासाला सोयीची आहे, पण ५० मिमीवर ती एफ/६.३ पर्यंतच उघडते (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक). त्याच ठिकाणी एफ/१.८ ची लेन्स सुमारे बारा पट प्रकाश आत घेते. तेव्हा कमी प्रकाशातील छायाचित्रांसाठी फुल फ्रेम घेऊन किट लेन्सवरच थांबणाऱ्यापेक्षा एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/१.८ लेन्स लावणारा पुढे राहतो, आणि त्याचा खर्चही कमी होतो. मी बॉडीवर वाचलेली रक्कम ४० मिमी एफ/२ या लेन्सवर खर्च केली आणि तेव्हापासून किट लेन्स फार कमी वेळा लावतो. जुन्या निकॉन लेन्स असणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यांना जोडणारा भाग) एएफ-एस लेन्स आपोआप फोकस करतात, पण स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो.

कार्ड व बॅटरीसह ६७५ ग्रॅम वजन दिवसभर गळ्यात जाणवते. आर८ त्याहून दोनशे ग्रॅमने हलका आहे. पकड मात्र उत्तम आहे, आणि यूएसबी-सी वरून चालू स्थितीतही वीज घेता येते हे प्रवासात फार उपयोगी पडते.

२०२५ मध्ये आलेल्या झेड ५ II या दुसऱ्या आवृत्तीत वेग वाढला आहे, फोर-के ३० फ्रेमपर्यंत क्रॉपशिवाय मिळतो आणि दोन स्लॉट कायम आहेत. व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर जादा पैसे त्यासाठी मोजावेत. मुख्यतः छायाचित्रेच काढायची असतील तर मूळ झेड ५, एक चांगली स्थिर फोकल लांबीची लेन्स आणि सारख्या क्षमतेची, निरनिराळ्या बनावटीची दोन कार्डे ही खरेदी मी सुचवेन.